तिकीट नंबर १३६२

कॉम्प्युटर पाचव्यांदा अडकला, तेव्हा पद्मजाने माऊस टेबलावर आपटला आणि लगेच उचलून पाहिला, फुटला तर नाही ना.

लालबागच्या तिच्या टायपिंगच्या दुकानात खुर्च्या दोनच. दुसरीवर कमिटीचे गणपतकाका मघापासून घड्याळाकडे बघत बसले होते. गिरणी कामगारांच्या घरांची यादी पाचच्या आत सरकारी ऑफिसात पोचायला हवी होती. यादीत नाव नाही त्याला घर नाही, इतका सरळ हिशेब. सव्वातीन वाजले होते.

यादीचा पहिला भाग पद्मजाने टाइप केला होता. दुसरा, साचाखात्यात माग चालवणाऱ्या बावन्न जणांचा, भायखळ्याच्या एका टायपिस्टने. त्याचं मराठी सॉफ्टवेअर वेगळं. त्याची फाइल दिसावी म्हणून तिने सकाळी तेही आपल्या मशीनवर चढवलं, आणि तेव्हापासून मराठीतलं एक अक्षर दाबलं की सगळं ठप्प.

तिने दौलतला फोन लावला. मशीन दुरुस्त करणारा हा माणूस एरवी प्रत्येक गोष्टीवर हसायचा. आज हसला नाही.

“दोन-दोन मराठी टाकलीस? अगं, दोघं एकच कीबोर्ड धरून बसलेत. कोण सोडणार? एक उडव. आणि उडवलंस की परत चढवायच्या भानगडीत पडू नको हां, आहे तेपण जाईल.”

तिने भायखळ्याचं सॉफ्टवेअर काढून टाकलं. मशीन मुकाट्याने चालायला लागलं. पहिला भाग जागच्या जागी होता. दुसऱ्या भागात नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरच्या खुणा यांची खिचडी झाली होती. शाबूत राहिले होते ते फक्त प्रत्येकाच्या हजेरीचे गिरणीतले तिकीट नंबर. हाताने लिहिलेले मूळ कागद टायपिस्टच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात, आणि तो गावाला लग्नाला.

“काका, बावन्न घरं घालवली मी,” पद्मजा म्हणाली. तिला रडू आवरेना.

गणपतकाकांनी चष्मा लावला. “नंबर वाच.”

“नुसत्या नंबरांवरून काय कळणार?”

“संपात वर्षभर धान्य वाटलंय मी. रांगेत नाव कोण विचारतो? नंबरावरून माणूस ओळखायचो. वाच गो तू.”

“१२०७.”

“आनंदा गुरव.”

“१२१९.”

“धर्मा लाड.”

“१२४०.”

“विठोबा मेस्त्री. तो गेला. वारस शेवंती लाव.”

काका डोळे मिटून सांगत होते आणि पद्मजाची बोटं धावत होती. एकदाही अडले नाहीत. चाळीस नावं झाली तेव्हा चार वाजून गेले होते, आणि तिला पहिल्यांदा वाटलं, आपण वाचलो.

“१३६२.”

काकांनी डोळे उघडले.

“काका, १३६२.”

“पुढचा घे.”

“पण हा कोण?”

“आठवत नाही.”

तिने पुढचा घेतला. तो आठवला. त्याच्या पुढचाही आठवला. साडेचारला बावन्नपैकी एक्कावन्न नावं उभी राहिली आणि मधे एक ओळ बोडकी.

“नावाशिवाय ओळ घेत नाहीत ते,” पद्मजा म्हणाली. “काढून टाकू का ही?”

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

“राहतो कुठे हा माणूस?” तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

“रे रोडला. लाकडाच्या वखारीत राखणीला असतो. तिथेच एका कोपऱ्यात झोपतो.” बोलून गेल्यावर ते वरमले. “संपात हा गिरणीत कामाला गेला, पद्मजा. आमच्या घरात चूल पेटत नव्हती आणि हा पोलिसांच्या गाडीतून आत गेला. एका मागावर उभे राहायचो आम्ही दोघं. गेटवर सगळ्यांसमोर शपथ घेतली मी, ह्याचं नाव तोंडातून काढणार नाही. बावीस वर्षं झाली. नाही काढलं.”

घड्याळ काही थांबत नव्हतं. तिने बोट डिलीटच्या बटणाजवळ नेलं आणि तिथेच ठेवलं.

“थांब.”

काकांनी तिच्या हाताखालचा एक फुकट गेलेला कागद ओढला. पेन घेतलं. सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने वाचलं, जगन घाडी.

“मी बोललो नाही. फक्त लिहिलं,” ते म्हणाले.

“हो काका.”

तिने नाव टाइप केलं आणि सेव्हचं बटण दाबलं. बाणाच्या जागी वाळूचं घड्याळ आलं. ते हलेना. स्क्रीन तशीच. दहा सेकंद गेली, वीस गेली. काढलेल्या सॉफ्टवेअरचं काहीतरी आत राहिलं असणार. पद्मजाने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले. आता काही दाबलं की सगळंच जाईल, या भीतीने ती श्वाससुद्धा बेताने घेत होती.

गणपतकाका खुर्चीतून उठले. टेबलावर हात टेकून स्क्रीनपाशी वाकले.

“काय झाला गो? पुसला काय? जगन आसा मां गो त्यात? बघ ना नीट, जगन आसा मां?”

वाळूचं घड्याळ गेलं. बाण परत आला.

“आहे,” पद्मजा म्हणाली, आणि त्यांच्याकडे न बघता प्रिंटरमधले कागद सरळ करत राहिली.