शेवाळाचा दगड

"उभी राह, रीता! वाकू नको ना!" प्रफुलचं पालुपद चालूच होतं.

रीता कशाची ऐकते! गुडघाभर पाण्यात ओणवी होऊन ती शेवाळानं माखलेला दगड उपसत होती. बल्लारपुरात तिचं रंगीत मासोळ्यांचं दुकान. काचेच्या टाकीतल्या दगडांवर तिनं दोऱ्यानं बांधलेलं शेवाळ यंदाच्या उन्हाळ्यात सडलं. म्हणून जंगलातल्या नाल्यातलं जिवंत शेवाळ हवं होतं, दगडासकट. नवरा म्हणून प्रफुल सोबत आला होता, तोही जीव मुठीत धरून. झुरळ दिसलं तरी खाटेवर चढणारा माणूस तो! सासरमाहेरचे सगळे त्याला हसायचे.

पण आजचं भेव उगीच नव्हतं. तेंदूपत्ता तोडणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. वाघ उभ्या माणसाला बिचकतो. वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. म्हणून एक वाकला की दुसऱ्यानं उभं राहायचं.

दगड सुटला आणि घसरला. रीताचा पाय त्याखाली दबला. ती किंचाळणार, तोच झाडावर वानरं खेकसली. पलीकडच्या काठाला, बांबूच्या बेटातून वाघ बाहेर आला होता.

रीता सरळ व्हायला गेली तर पाय मुरगळला, पुन्हा हातांवर आली. "पाय फसला," ती कशीबशी म्हणाली. "मले उठता येत नाई."

प्रफुल ओरडायला गेला, आवाजच फुटेना. दगड हलवायचा तर त्यालाही वाकावं लागणार, मग उभं कोण राहणार? वाघाची नजर रीतावरून हटत नव्हती. प्रफुलनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो हळूहळू बाजूला सरकू लागला. पाण्याबाहेर पडला. रेतीवरून लांब गेला.

गेला! रीताला रडूच फुटलं. जन्माचा भित्रा, दुसरं काय करणार?

"ओ, कुठी चालले? मले टाकून नका जाऊ!"

तो मोकळ्या रेतीत, वाघाला नीट दिसेल अशा जागी थांबला.

आणि दोन्ही हात जमिनीला टेकवून वाकला.