शालूची माती

घमेल्यातली माती वाळून दगड झाली होती. तिच्यावर शालूची बोटं उमटलेली होती, तशीच. भूपेंद्रनं पाण्याचा लोटा उचलला आणि परत खाली ठेवला.

"माय, हे माती नोको. मी दुसरी भिजवतो."

"काहून?" खाटेवरून जनाबाई म्हणाली. "धानाचा कोंडा घालून तिनंच मळली ना? मुरलेली माती कोनी फेकते का?"

लाखनीजवळच्या त्यांच्या ढाब्यामागे धुराची भट्टी उभी होती. ड्रममध्ये कोंबड्या टांगायच्या, शेजारच्या लोखंडी पेटीत लाकडं पेटवायची आणि नुसत्या धुरावर मांस शिजू द्यायचं. मोबाइलवर बघून भूपेंद्रनंच ती जोडली होती. ट्रकवाले मिटक्या मारत खायचे. पेटी मात्र तापून लाल व्हायची. तिला बाहेरून मातीचा जाड थर द्यायचा, असं त्याच्या बायकोनं, शालूनं ठरवलं आणि माती मळून मुरत ठेवली. गिऱ्हाईक काही माती मुरायची वाट बघत नव्हतं. भट्टी उघड्या लोखंडावरच चालू राहिली, आणि एका दुपारी शालूचा पदर पेटीला लागला. शालू वाचली नाही.

उद्यापासून ढाबा पुन्हा उघडणार होता. भट्टीपाशी आता माय उभी राहणार होती.

भूपेंद्रनं डोळे मिटून पाणी ओतलं. बोटांच्या खळग्यांत ते साचलं, मग खळगेच उरले नाहीत. तो मळत राहिला, थापत राहिला. पेटी चहूबाजूंनी झाकली गेली तेव्हा घमेलं रिकामं झालं होतं. शालूचा अंदाज कधी चुकायचा नाही.

उन्हानं थर वरवर सुकल्यावर त्यानं आधी काटक्यांची धग दिली, मग मोठी लाकडं सारली. आग घुमू लागली तसा जळक्या कापडाचा तो वास त्याच्या नाकात शिरला. वास कुठूनच येत नव्हता, हे त्याला ठाऊक होतं. तरी येत होता.

जनाबाई उठून पेटीपाशी आली आणि काही कळायच्या आत तिनं आपल्या पदराचं टोक त्या मातीवर टाकलं.

"माय!" भूपेंद्र धावला.

"थांब ना. पाहू दे मले." तिनं त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

आत लाकडं तडतडत होती. मायलेक बघत उभे राहिले.

पदर काही पेटला नाही.