आजची तीट

सिस्टरनं क्षितिजाचा चेहरा औषधाच्या पाण्यानं पुसला आणि तिला पुन्हा संचिताच्या मांडीवर दिलं. "अभी अंदर लेंगे," म्हणून ती निघून गेली.

सात महिन्यांची पोर ऑपरेशनसाठी सकाळपासून उपाशी. रडून रडून आईच्या मांडीवर झोपली होती, पण झोपेतही तिचा उजवा डोळा उघडाच. वरच्या पापणीत जन्मापासून खाच होती, पापणी कधी पुरती मिटलीच नव्हती. बुबुळ सुकत चाललं होतं. आता पापणी शिवली नाही तर डोळा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

तेवढ्यात संचिताच्या सासूबाई, मनोरमाबाई, धापा टाकत आल्या. केबिन रोडवरून रिक्षा मिळता मिळत नव्हती म्हणाल्या. बसायच्या आधीच त्यांनी पिशवीतून काजळाची डबी काढली.

संचिताचं डोकंच फिरलं. शेजारच्या गुजरात्यांचं बाळ दिसलं की ही बाई त्याला तीट लावायची. नातीला एकदाही नाही. डॉक्टरांनी डोळ्यात काजळ नको म्हटलं होतं. गालाला तीट लावू नका, असं कुणीच सांगितलं नव्हतं. बारशाला कुणीतरी आठवण केली, तेव्हा त्या पटकन बोलून गेल्या होत्या, "हिला कुणाची दृष्ट लागणारे?" ते संचिताच्या काळजात रुतून बसलं होतं.

"आज बरी आठवण झाली," ती म्हणाली. "उद्या लावा ना, आई. छान दिसेल तेव्हा."

मनोरमाबाईंचं बोट डबीतच थांबलं.

"उद्या कुणीही लावेल गं," त्या कशाबशा बोलल्या. "मला आजच लावायचीय."

बोट गालाजवळ गेलं आणि दारातून सिस्टर ओरडली, "माँजी! फेस पे कुछ नहीं लगाने का. अभी साफ किया है ना!"

मनोरमाबाईंनी हात झटकन मागे घेतला. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या काळं बोट घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. सिस्टरनं बाळाला घ्यायला हात पुढे केले.

संचितानं बाळ दिलं नाही. तिनं दुपटं बाजूला सारलं, क्षितिजाच्या पायातला मोजा ओढून काढला आणि तो एवढासा तळवा सासूबाईंसमोर धरला.

"इथे लावा," ती म्हणाली. "चांगली मोठी लावा, आई. आत कुणी पुसायला नको."