मागखात्यातली बोली

"बोटं हायत का वांगी?" विडा उचलता उचलता संगप्पा पुटपुटले. तबक धरून उभ्या असलेल्या दाक्षायणीला ते ऐकू गेलं, आणि पियानोपुढं बसलेल्या ज्ञानबालाही. त्याची मान आणखी खाली गेली.

शिवयोगी मास्तरांच्या माडीवर दर रविवारी दुपारी हे असंच चाले. सोलापुरात पियानो तीन-चार, पण तो कळणारे आपण तिघंच, असं या तिघांचं ठाम मत होतं. सुताचे व्यापारी संगप्पा, रावजी वकील आणि खुद्द मास्तर. पेटीला ते भाता म्हणत. पियानो मास्तरांचा. गिरणीचा गोरा साहेब विलायतेला परतताना तो त्यांना देऊन गेला होता, वर गतींच्या वह्याही. तीस वर्षं मास्तरांनी त्या गिरणीचं मागखातं सांभाळलं. तीनशे माग धडधडत असताना कुठल्या मागावर धागा तुटला, ते म्हणे त्यांना नुसतं कानानं कळे.

ज्ञानबा कुर्डुवाडीचा. मूकपटाच्या तंबूत पडद्याखाली बसून पेटी वाजवायचा. बोलपट आला आणि त्याची पेटी मुकी झाली. पियानो तो मिशनच्या बाईंकडे शिकला होता. आता रेल्वेच्या क्लबात पियानो वाजवणारा हवा होता, आणि तिथला साहेब मास्तरांची चिठ्ठी आणणाऱ्यालाच ठेवून घेणार होता. चिठ्ठी मिळाली तर घरची चूल पेटणार होती. नाही तर नाही.

मास्तर शेजारी उभे. हातात धोटा. मागावरचाच, आडवं सूत नेणारा, दोन्ही टोकांना लोखंडी अणी असलेला. चुकलं की तो बोटांवर बसे. गेल्या साली टेंभुर्णीच्या एका ऑर्गनवाल्याच्या हातावर त्यांनी पियानोचं झाकणच आपटलं होतं. त्याची करंगळी वाकडी राहिली ती राहिलीच. "हाताला वळण लागलं," असं वकील पुढं कितीतरी दिवस सांगत होते.

मास्तरांची बायको दाक्षायणी नेहमी दाराच्या चौकटीत उभी राही. पाहुण्यांच्या पाठीशी, पण मास्तरांना समोर दिसेल अशी. पाहुणे बोलत असले की तिचे ओठ सारखे हलत. बाई जप करते, असं लोक कौतुकानं म्हणत.

लग्नाआधी तीही त्याच गिरणीत होती, मागांवर सुताच्या कांड्या पोचवायला. मागखात्यात घसा फोडून काही उपयोग नसतो. तिथं नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. मास्तरांनी तिला मागणी घातली ती तशीच, तीनशे मागांच्या गदारोळात, एक अक्षरही न उच्चारता. तिनं "व्हय" म्हटलं तेही तसंच.

ज्ञानबानं वाजवायला घेतलं. दाक्षायणीला गतीतलं काही कळत नव्हतं. पण हातातलं तबक आपण कधी खाली ठेवलं, हेही तिला कळलं नाही.

धोटा बसला.

"चौथं बोट! लोहाराच्या घरचा हायस का?" मास्तर गरजले. पुन्हा बसला. तिसऱ्यांदा अणी लागली आणि पेरावरचं कातडं फाटलं. पांढऱ्या पट्टीवर रक्त सांडलं.

"आधी ते पूस," वकील घाईघाईनं म्हणाले. "हस्तिदंत आहे. डाग जायचा नाही."

ज्ञानबानं सदऱ्याच्या बाहीनं पट्टी पुसली.

"पुन्हा. पहिल्यापासून."

या खेपेला त्याची बोटं पट्ट्यांवरून नुसती फिरली. दाबायचा धीरच झाला नाही. वहीत लिहिल्याबरहुकूम ती डावीकडं गेली, उजवीकडं आली, पण आवाज नाही. एकही नाही. स्वैपाकघरात रांजण ठिबकत होता, तेवढा ऐकू येत होता. वकिलांनी संगप्पांकडं पाहिलं. संगप्पांनी दाराबाहेरच्या आपल्या जोड्यांकडं पाहिलं.

"बेसूर!" मास्तर ओरडले. "पुन्हा तितंच बेसूर!"

वकील खाकरले.

"डावा हात जरा कच्चाच आहे," ते म्हणाले.

चौकटीत दाक्षायणीचे ओठ सवयीनं हलले. डावा हात कच्चा आहे. आणि आपलेच ओठ तिला भाजल्यासारखे वाटले.

"कच्चा? थांब, शिजवतो," म्हणत मास्तरांनी झाकणाला हात घातला.

दाक्षायणी धावली. तिनं ज्ञानबाच्या बोटांवर आपले दोन्ही हात टाकले. दहा-बारा पट्ट्या एकदम दाबल्या गेल्या आणि असा खणखणाट झाला की खाली गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मास्तरांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. झाकण आदळलं. तिच्या मनगटांवरच्या बांगड्या फुटल्या, काचा आत गेल्या.

ती किंचाळली नाही. झाकण उचलून तिनं हात सोडवले. ज्ञानबाचे हात त्याच्या मांडीवर ठेवले. मग रक्ताळलेल्या बोटांनी नवऱ्याची हनुवटी धरली, त्याचा चेहरा आपल्याकडं वळवला. आणि मागखात्यात बोलायची तशीच, घशातून वाराही न काढता, ओठांनी सावकाश म्हणाली, "तुमाला ऐकू येत न्हाय."

माडीवर कुणालाच काही ऐकू गेलं नाही.

मास्तरांच्या हातातला धोटा गळून पडला. त्यांनी वकिलांकडं पाहिलं, संगप्पांकडं पाहिलं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हळू की गं," ते म्हणाले. "चारचौघांत ओरडतीस काय?"