रिकाम्या हाताने

"आजीचं गाणं आज तरी म्हणाल ना?" पियानोवर साथ करणाऱ्या कादंबरीने विचारलं.

वर्ना आरशासमोर बसून कानातलं घालत होती. "पहिलं गाणं जरा संथ धर," ती खालच्या आवाजात इंग्रजीत म्हणाली. "हल्ली श्वास पुरत नाही मला."

प्लेनो शहरातल्या त्या हॉलमध्ये वर्ना प्रूइटचा हा अखेरचा कार्यक्रम होता. ओक्लाहोमातल्या एका लहानशा मूलनिवासी जमातीत ती जन्मली, आणि ऑपेराच्या रंगमंचांवर इटालियन आणि जर्मन गाण्यांत तिचं आयुष्य गेलं. पण लोक तिकीट काढायचे ते शेवटच्या गाण्यासाठी. तेव्हा ती पियानोपासून दूर जाऊन एकटी उभी राहायची आणि तिच्या भाषेतली, आजीची अंगाई म्हणायची. त्याला साथ नसे. कादंबरी सुरुवातीचा एक सूर द्यायची आणि हात मांडीवर ठेवून ऐकायची.

ते गाणं कसं मिळालं हे वर्ना मुलाखतींत हसून सांगे. आजीने एका दुपारी तिला समोर बसवून ते म्हटलं. तिने आपल्या वेणीची रिबीन सोडली आणि आजीच्या हातात ठेवली. मग घरात ते गाणं म्हणणारी एकटी वर्नाच. रेकॉर्डिंग मात्र तिने कधी कुणाला करू दिलं नाही.

कादंबरीला ते गाणं हवं होतं, त्याचं कारण वेगळं होतं. तिची लेक आन्या दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीतच गेली. त्या दिवसांत कादंबरीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, अंगाई कुठली म्हणणार? एका संध्याकाळी वर्ना आली आणि पेटीशी वाकून ती अंगाई गायली. आन्याने या जगात ऐकलेलं तेवढं एकच गाणं. चाल कादंबरीला पाठ होती, पण पियानोच्या पट्ट्यांत ती बसत नसे. तिला ती त्या आवाजात हवी होती, एकदाच, तो आवाज बंद व्हायच्या आत.

आन्यानंतर कितीतरी दिवस कादंबरीने पियानो उघडला नाही. ती परत वाजवू लागली तेव्हा कार्यक्रमातून ते गाणं गेलेलं होतं. कुणी म्हणे वर्नाचं आयोजकांशी बिनसलं, कुणी म्हणे वरचा सूर लागत नाही. लोक नाराज झाले, आमंत्रणं रोडावली. वर्नाने कुणालाच काही सांगितलं नाही.

फोन वाजला. तिचा नवरा शैलेंद्र पार्किंगमधून बोलत होता.

"काय म्हणाली?"

"काहीच नाही." कादंबरी दारापाशी सरकली.

"मग सोडून दे ना, यार. दर वेळी तूच हर्ट होतेस. हॉस्पिटलमध्ये आली तेव्हाही साधं कार्ड नव्हतं हातात. उलट आपल्याच मुलीचं टोपडं घेऊन गेली."

हा सल दोघांनाही होता. बाळाला बघायला कुणी रिकाम्या हाताने येतं का? कादंबरीच्या आईने नागपूरहून पिवळं टोपडं विणून पाठवलं होतं, ओळखीपाळखीच्या काकू-मावश्या डबे आणत होत्या. वर्ना नुसती आली. बाळाचं पूर्ण नाव विचारलं, गायली, आणि आन्याच्या डोक्यावरचं टोपडं हलकेच काढून म्हणाली, "हे मी ठेवू?" कादंबरीला नको म्हणता आलं नाही. पुढे अंत्यसंस्कारालाही वर्नाने फूल पाठवलं नाही.

कार्यक्रम उत्तम झाला. लोक उभे राहिले. मागून कुणीतरी त्या गाण्याची फर्माईश केली आणि मग सगळा हॉल तेच मागू लागला. वर्ना मान लववून उभी होती.

कादंबरीने फार विचार केला नाही. तिने तो एक सूर दिला.

वर्ना वळली आणि तिच्याकडे बघत राहिली. मग हळूहळू चालत पियानोपाशी आली, कादंबरीचे हात उचलून तिच्या मांडीवर ठेवले आणि पियानोचं झाकण लावलं. प्रेक्षकांकडे पुन्हा न बघता ती आत निघून गेली.

कादंबरी तिच्या मागोमाग ग्रीनरूममध्ये शिरली.

"माझ्या लेकीसाठी गायलात. माझ्यासाठी एकदा म्हणायला काय जातं तुमचं?"

"ते गाणं माझं राहिलेलं नाही."

"म्हणजे?"

"आमच्यात गाणं एका वेळी एकाचंच असतं. ते देताना शेवटचं म्हणायचं, घेणाऱ्याकडून त्याची एक वस्तू घ्यायची, मग पुन्हा म्हणायचं नाही. आजीने मला दिलं, त्यानंतर मरेपर्यंत ती ते नुसतं गुणगुणलीसुद्धा नाही."

इतकी वर्षं कादंबरी ज्याची वाट बघत होती, ते या बाईने कुणाला तरी देऊनही टाकलं होतं. तिला रडू आलं आणि रागही आला.

"कुणाला दिलंत? नाव तरी सांगा. मी तिच्याकडे जाईन, पाया पडेन तिच्या. एकदा म्हण म्हणेन."

वर्नाने पर्स उघडली. आतून एक रुमाल काढला आणि त्याच्या घड्या सावकाश उलगडल्या. आत पिवळ्या लोकरीचं, तिच्या मुठीएवढं टोपडं होतं.

"रिकाम्या हाताने कसं पाठवायचं होतं तिला?" वर्ना म्हणाली.