शुद्धिपत्र

“‘वेडसर’ काढा,” काकांनी तांबड्या पेनाने शब्दावर रेघ मारली आणि समासात खूण केली. “आणि हे ‘पळून गेला’ काय? तो काय कैदी आहे? ‘न सांगता गेला’ असं लिहा.”

टेबलापलीकडे बसलेल्या नोंदणी विभागाच्या बाई निमूटपणे उतरवून घेत होत्या. मनोरुग्णालयाचे जुने छापील अर्ज बदलायचे होते. काकांची पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी रुग्णालयाच्या भाषेबद्दल लागोपाठ तीन तक्रारपत्रं पाठवली, तेव्हा वैतागून अधीक्षकांनी त्यांनाच समितीवर घेतलं. तेव्हापासून ते दर मंगळवारी यायचे. येताजाता जिन्यातल्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घही सुधारून जायचे.

“हे बाण ठेवायचे का?” बाईंनी विचारलं. “झोप कमी झाली की खाली, चिडचिड वाढली की वर.”

“राहू द्या. बाण कुणाला शिव्या देत नाहीत.”

बाई हसल्या. काका हसले नाहीत. पेनाचं टोपण लावत, काढत ते म्हणाले, “माझ्या मुलीच्या फायलीचं काय झालं?”

“काका, तिच्या परवानगीशिवाय नाही दाखवता येत.”

“मी बाप आहे तिचा.”

“तरीही.”

मुलगी एकोणीस वर्षांची असताना आजारी पडली होती. दिवसचे दिवस उठायची नाही, जेवायची नाही. इथल्याच उपचारांनी बरी झाली. आता दुसऱ्या गावात चष्म्याच्या दुकानात काम करत होती, आपल्या पायावर उभी होती. आठ महिन्यांपूर्वी काही कामासाठी तिने आपल्या जुन्या फायलीची प्रत मागवून घेतली आणि त्याच संध्याकाळी घरी फोन केला.

“बाबा, माझ्या फायलीत लिहिलंय, ‘नाटकी आहे. काम टाळायला अंथरूण धरते.’”

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. “कोण तो हलकट? सोडत नाही मी त्याला!”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

त्यानंतर ती घरी आली नाही. आईशी दोन मिनिटं बोलायची, बाबांनी फोन घेतला की दुकानात गिऱ्हाईक आलेलं असायचं. काकांनी मनाशी ठरवलं होतं, लिहिणारा शोधायचा. पुस्तकात चूक राहिली तर प्रकाशक शुद्धिपत्र जोडतो, मग जित्याजागत्या माणसाच्या बाबतीत का नाही? रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी लेखी माफी घ्यायची आणि तिच्या हातात नेऊन द्यायची. मग ती येईल.

“कशाला उकरून काढताय?” बायको म्हणाली. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

“कशाला म्हणजे? पोटच्या पोरीला कुणीतरी नाटकी म्हणायचं आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं?”

“तिला पहिल्यांदा दाखवायला नेलं त्या दिवशी मला बाहेर बसवलं होतं. आत काय झालं ते मला काय ठाऊक?”

“डॉक्टर तर चांगले वाटले होते गं. अर्धा तास माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणसाच्या पोटात काय असतं कळत नाही, हेच खरं.”

बायकोने उशीच्या अभ्र्याची घडी मोडून पुन्हा घातली. “तिलाच पत्र लिहा,” एवढंच म्हणाली.

काकांनी फाइल बघायची परवानगी मागणारं पत्र लिहिलं. पुढचे पंधरा दिवस त्यांना एका जागी बसवेना. फाटक वाजलं की दारात, फोन वाजला की फोनपाशी. समोरचं वर्तमानपत्र दुपारपर्यंत पहिल्या पानावरच. शेवटी उत्तर आलं ते घरी नाही, थेट रुग्णालयात. एकच ओळ आणि खाली सही: ‘माझी पूर्ण फाइल माझ्या वडिलांना दाखवावी.’

“बघितलंत?” काकांचा चेहरा उजळला. “भरवसा आहे तिचा माझ्यावर.”

बाईंनी दार लोटून घेतलं. न मागता पाण्याचा पेला टेबलावर ठेवला आणि फाइल त्यांच्यासमोर सरकवली.

पहिल्या पानावर वजन, वय. झोपेपुढे खाली बाण, भुकेपुढे खाली बाण. दुसऱ्या पानावर ती वाक्यं होती, आणि दोनच नव्हती. ‘नाटकी आहे. काम टाळायला अंथरूण धरते. लाडावून ठेवली आहे. चार लोकांत आमची मान खाली घालायला लावते. दोन दिवस उपाशी ठेवलं की ताळ्यावर येईल.’

काकांचे डोळे भरून आले. पोरीने हे एकटीने, परक्या गावात वाचलं होतं.

मग त्यांच्यातला मुद्रितशोधक जागा झाला. ते पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवत निघाले. प्रत्येक वाक्यापुढे कंसात तीच दोन अक्षरं होती: मा. व.

“सापडला!” त्यांनी टेबलावर हात आपटला. पेल्यातलं पाणी हिंदकळलं. “वाक्यावाक्याला सही ठोकलीय बेट्याने. हे ते डॉक्टरच ना?”

“डॉक्टरांचं मत खाली आहे, काका. वाचा.”

खाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं, ‘तीव्र नैराश्य. मुलगी खरं सांगत आहे. तिचं म्हणणं घरच्यांनी ऐकून घेणं गरजेचं.’

“हे बघा, हा देवमाणूस. मग वरचा हा कोण? मा. म्हणजे काय, माधव? माणिक? आडनाव सांगा. निवृत्त झाला असेल तर घरचा पत्ता द्या. मी आत्ता जातो, त्याच्या दारात उभा राहतो, बायकापोरांसमोर हे वाचून दाखवतो!”

ते उभेच राहिले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“ती सही नाही, काका,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “‘माहिती, वडिलांकडून.’”