तक्रार नाही, तरी

“मारतो म्हण,” जुलेखाबींनी जिन्यातच लेकीला कोपरानं ढोसलं. “दंडावर मारतो. बाहीखाली दिसत न्हाय, असं सांग. कोण बाही वर करून बघायला येतंय?”

महेजबीन जिना चढत राहिली. आठ दिवस अम्मी हेच घोकून घेत होती. त्यांच्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं, की तलाक पुरुषाच्या तोंडात असतो. बाईला सुटायचं असेल, तर अंगावर वळ तरी हवेत.

जमातीच्या ऑफिसात तिचा नवरा इम्तियाज आधीच येऊन खाली मान घालून बसला होता. बेकरीवरनं तसाच आलेला, मनगटाला मैदा. त्यानं तिला कधी बोटही लावलं नव्हतं. तरी तीन वर्षांत तो शेजारी जेवायला बसला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. दोन बैठका समजावण्यात गेल्या होत्या. ही तिसरी.

मौलानांनी विचारलं, मारतो का, पितो का, खर्चाला देत नाही का. अम्मीचं कोपर पुन्हा लागलं.

“न्हाय मौलाना,” महेजबीन म्हणाली. “माणूस चांगला हाय. नमाजी हाय. पण माझा जीव लागत न्हाय त्येंच्यात. अशीच राहिले तर एक दिवस मीच त्येंच्याशी वाईट वागीन. ते पाप मला नको.”

जुलेखाबींनी कपाळाला हात लावला. चांगल्या माणसाला कुणी सोडतं व्हय, म्हणून एक पंच हसलेसुद्धा.

मौलाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश सांगितलं, की मदिनेत अशीच एक बाई रसूलअल्लाह, म्हणजे पैगंबरांपुढं आली होती. नवऱ्याच्या स्वभावात खोट नाही, दीन-धर्मात नाही, पण त्याच्याबरोबर राहवत नाही, म्हणाली. लग्नात नवऱ्याकडून मेहर म्हणून मिळालेली बाग तिनं परत केली आणि मोकळी झाली. वळ कुठं आहेत, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. ह्याला खुला म्हणतात, आणि तो बाईचा हक्क आहे.

महेजबीननं मान वर केली. चौदाशे वर्षांपूर्वीची ती बाई जणू आत्ताच हा जिना चढून तिच्या आधी इथं येऊन गेली होती.

तिनं मेहरचे झुबे कानांतून काढले आणि टेबलावर ठेवले. इम्तियाज त्या झुब्यांकडं बघत राहिला. मग कबूल म्हणाला आणि सही केली.

ती दारापर्यंत आली. अम्मी मागं दिसेना, म्हणून वळून बघितलं.

जुलेखाबी खुर्चीवरून उठल्याच नव्हत्या. साठीची ती बाई मौलानांकडं टक लावून बघत होती.

“मौलाना,” जुलेखाबींनी हळूच विचारलं, “ह्या हक्काला वयाची अट हाय काय?”